चित्रकारांचा ब्लॉग: रोजचा फलक गेला, मूळ दप्तर उरलं

रेषावेल (धागाकर्ती)

चित्रं जालावर मांडणाऱ्यांना मिळणारे बरेच सल्ले अजून २००६ सालातले आहेत. रोज पोस्ट टाका, चित्र लहानच ठेवा, फोटो दुसऱ्या साइटवर चढवून तिथून ब्लॉगवर आणा. तेव्हा हे तिन्ही सल्ले बरोबर होते. आज तिन्हींमुळे मेहनत वाया जाते, म्हणून हा धागा.

ब्लॉग चालवायच्या सोयींपैकी ब्लॉगर १९९९ चं, वर्डप्रेस २००३ चं, आणि फोटो ठेवायची साइट फ्लिकर २००४ चं. २००४ च्या डिसेंबरात ड्वेन काइझर या अमेरिकी चित्रकाराने रोज एक पोस्टकार्डाएवढं चित्र ब्लॉगवर टाकायला सुरुवात केली आणि 'रोज एक चित्र' ही रीतच पडली. अर्बन स्केचर्स हा जागेवर बसून शहरं रेखाटणाऱ्यांचा समूह २००७ मध्ये फ्लिकरवर सुरू झाला आणि २००८ मध्ये त्याचा सामायिक ब्लॉग निघाला. हे सगळं चालायचं कारण वाचक फीड रीडर, म्हणजे अनेक ब्लॉगांच्या नव्या पोस्टी एका जागी दाखवणारं साधन, उघडून बसलेला असायचा. पोस्ट टाकली की ती त्याच्यापुढे जायची, तीही तारखेच्या क्रमाने.

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर हा फीड रीडर बंद झाला आणि ती सवय मोडली. तोवर इन्स्टाग्राम येऊन जवळजवळ तीन वर्षं झाली होती. तिथे ऑगस्ट २०१५ पर्यंत फक्त चौकोनी चित्र चालायचं आणि २०१६ पासून फीडमधला तारखेचा क्रमही गेला. म्हणजे रोज टाकण्याचा फायदा ब्लॉगवरून गेला आणि पुढे समाजमाध्यमांवरूनही बराचसा गेला.

मग ब्लॉगकडे उरलं काय? माझ्या मते, जी दुसरीकडे होतच नाहीत अशी दोन कामं उरली. एक, चित्र न कापता, त्याच्या माहितीसकट आणि चालू दुव्यांसकट ठेवणं. दोन, पाच वर्षांनी कुणी शोधलं तरी ते सापडणं. म्हणून ब्लॉगला आता रोजचा फलक समजू नये, मूळ दप्तर समजावं. एका चित्राचं किंवा मालिकेचं एक पान, आणि नवी माहिती मिळाली की त्याच पानात भर. बाकी सगळीकडे त्या पानाची फक्त पाटी लावायची.

चित्र तयार करणं, जुने ब्लॉग हलवणं, चोरी आणि एआय, वाचकांपर्यंत पोचणं या चार गोष्टींवर नेमकी माहिती असणाऱ्यांनी लिहावं.

---

कागदकाठ

धागा हवाच होता. चित्र टिपण्यापासून सुरू करतो, कारण इथे चुकलं तर पुढचं काही सावरत नाही.

स्कॅनर: ए४ कागद ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) स्कॅन केला तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल मिळतात. ब्लॉगसाठी एवढं भरपूर आहे. पण स्कॅन एकदाच करायचा असतो, म्हणून ६०० ला करा. मग ४९६० बाय ७०१६ पिक्सेल होतात आणि २४ बिट रंगात न दाबलेली टिफ फाइल साधारण १०४ एमबीची पडते. ती मूळ प्रत, तिला पुन्हा हात लावायचा नाही.

स्कॅनर घेताना सेन्सर कुठला आहे ते पाहा. पातळ, स्वस्त स्कॅनरांत सीआयएस असतो आणि त्याला खोली जवळजवळ नसते. कागद काचेपासून दोन-तीन मिलिमीटर उचलला गेला की तेवढा भाग धूसर येतो. जलरंगाचा पोचे आलेला कागद म्हणूनच डागाडागाने अस्पष्ट दिसतो. सीसीडी सेन्सरवाला स्कॅनर हे सांभाळून घेतो. सीआयएसच असेल तर कागद मागून हलका ओला करून, दोन टिपकागदांमध्ये घालून, वजनाखाली रात्रभर ठेवा आणि मग स्कॅन करा. विरघळणाऱ्या शाईचं किंवा पेस्टलचं काम असेल तर हा उपाय अजिबात करू नका.

स्कॅनरची 'ऑटो' खूण, धूळ काढणं, धार वाढवणं हे सगळं बंद. ऑटो पातळी कागदाला पांढराशुभ्र करू पाहते आणि त्यात आकाशातला फिकट पहिला हात धुऊन जातो. स्कॅनवर आकाश कोरं आणि कागदावर निळसर, असं दिसलं की कारण बहुतेक हेच असतं.

सोनेरी-चंदेरी रंग स्कॅनरवर काळपट तपकिरी येतात, कारण दिवा आणि सेन्सर ठरलेल्या कोनात असतात आणि चमक सेन्सरपर्यंत पोचत नाही. फ्लुरोसंट गुलाबी तर स्क्रीनवर जसाच्या तसा येतच नाही. अशा चित्रांचा फोटो काढा आणि पानावर तसं लिहा.

फोटो: दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, चित्राच्या रुंदीच्या किमान दीडपट अंतरावर. आयएसओ १००, छिद्र एफ ८ च्या आसपास, रॉ फाइल, तिपाई, दोन सेकंदांचा टायमर. उजेड सारखा पडलाय का हे पाहायला चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद लावून एक फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांचे आकडे तपासा. २५५ च्या मापात ५ पेक्षा जास्त फरक नको.

कॅमेरा चित्राला समांतर आहे का, हे डोळ्यांनी नीट कळत नाही. चित्राच्या मध्यावर, पृष्ठभागाला चिकटून एक छोटा सपाट आरसा धरा आणि कॅमेऱ्यातून पाहा. भिंग आरशात बरोबर मधोमध दिसलं तर समांतर. डावीकडे सरकलेलं दिसलं तर तेवढा कॅमेरा फिरवा. मागून सॉफ्टवेअरमध्ये चौकट ओढून सरळ करण्यापेक्षा हे फार चांगलं, कारण ओढाओढीत बारीक रेघा मऊ पडतात.

तैलचित्रावर वॉर्निशची चमक येत असेल तर दोन्ही दिव्यांवर पोलरायझर फिल्म एकाच दिशेने लावा आणि भिंगावर फिरता पोलरायझर. तो फिरवत गेलं की एका जागी चमक पूर्ण जाते. पण तिथेच थांबू नका, पोलरायझर थोडा मागे फिरवा. चमक पूर्ण मारली की जाड लावलेल्या रंगाचे उंचवटे सपाट दिसतात आणि तैलरंगाचा जीवच त्यात असतो.

---

निळीदौत

वाचनखूण साठवली. एक शंका: संगणकावर नीट दिसणारं चित्र ब्लॉगवर चढवलं की मळकट दिसतं, विशेषतः हिरवे आणि लाल. फाइल तीच असते. मग बिघडतं कुठे?

---

पिक्सेलगिरण

@निळीदौत, फाइल तीच राहत नाही. मेख तिथेच आहे.

रंगांचे आकडे कोणत्या मापाने वाचायचे हे सांगणारी चिठ्ठी फाइलमध्ये असते, तिला कलर प्रोफाइल म्हणतात. कॅमेऱ्यातून अडोबी आरजीबी किंवा फोनमधून डिस्प्ले पी३ मध्ये फाइल निघाली आणि वाटेत ती चिठ्ठी गळून पडली, तर ब्राउझर त्याच आकड्यांना एसआरजीबी, म्हणजे जालावरचं नेहमीचं रंगांचं माप, समजून वाचतो. रंग विटतात.

चिठ्ठी गळते कुठे? वर्डप्रेस चढवलेल्या फाइलच्या लहान प्रती बनवतं. सर्व्हरवर हे काम जीडी लायब्ररी करत असेल तर त्या प्रतींत प्रोफाइल उरत नाही. इमॅजिक ही दुसरी लायब्ररी असेल तर राहतं. तपासायला डॅशबोर्डात टूल्स, साइट हेल्थ, इन्फो, मीडिया हँडलिंग इथे जा. पहिल्याच ओळींत कोणता एडिटर चालू आहे ते दिसतं. जीडी दिसला तर होस्टिंगवाल्यांना इमॅजिक चालू करायला सांगा.

तोवर आणि नंतरही खात्रीचा मार्ग म्हणजे चढवण्याआधीच चित्र एसआरजीबीमध्ये बदलून घेणं. इथे 'कन्व्हर्ट' आणि 'असाइन' यांत गल्लत होते. 'असाइन' केलं की आकडे तेच राहतात, चिठ्ठी फक्त बदलते, म्हणजे रंग बिघडतात. 'कन्व्हर्ट'च हवं. फ्थॅलो टर्क्वॉइजसारखे काही रंग एसआरजीबीच्या मर्यादेबाहेर आहेत, ते थोडे दबणारच. तिथे रंगाची तीव्रता वाढवत बसू नका, छटांमधले फरक मिटतात.

माझी निर्यातीची (एक्स्पोर्टची) मापं देतो:

लांब बाजू २००० पिक्सेल. फोनची स्क्रीन ब्राउझरच्या हिशेबात ३९० रुंद धरली आणि घनता तिप्पट, तर ११७० पिक्सेल लागतात. मोठ्या स्क्रीनसाठी २००० पुरतात. वर्डप्रेस २५६० पेक्षा मोठी फाइल आली की स्वतःच लहान प्रत करून तीच दाखवतं (५.३ आवृत्तीपासून), आणि लहान प्रती जेपेगच्या ८२ दर्जाला दाबतं. म्हणजे आधीच ७० ला दाबलेली फाइल चढवली तर ती दोनदा दाबली जाते. ९० ला चढवा.

डीपीआयचा आकडा विसरा. '७२ डीपीआयला सेव्ह करा' हा सल्ला स्क्रीनसाठी निरर्थक आहे. २००० पिक्सेलची फाइल ७२ ला असो की ३०० ला, ब्राउझरमध्ये तेवढीच दिसते. तो आकडा छपाईच्या वेळी लागतो.

आता लाल रेघांबद्दल. जेपेग दाबताना उजेड पूर्ण तपशिलात ठेवतात, पण रंग चौकोनाचौकोनाने सरासरी करून ठेवतात. याला ४:२:० म्हणतात. जलरंगात कळत नाही. पण पांढऱ्यावर बारीक लाल रेघ असेल, किंवा लालाशेजारी निळा सपाट रंग असेल, तर कडेला घाणेरडी झालर येते. निर्यात करताना ४:४:४ निवडा. दर्जा वाढवल्यावर काही सॉफ्टवेअर हे आपोआप करतात, काहींत वेगळी खूण असते. वेबपी या चित्रफायलीच्या स्वरूपातली तपशील गाळून दाबलेली (लॉसी) फाइल मात्र नेहमी ४:२:० च असते, ते त्या स्वरूपातच आहे. म्हणून रेषाचित्रं आणि सपाट रंगांची कामं पीएनजीत किंवा तपशील न गाळणाऱ्या (लॉसलेस) वेबपीत ठेवा. 'सगळं वेबपी करा' सांगणारी प्लगइन चित्रकाराने डोळे झाकून लावू नयेत.

दाट आडव्या-उभ्या रेघांचं शेडिंग असेल तर आणखी एक गोष्ट. चित्र ६०० पीपीआयवरून थेट अंतिम मापाला एकाच टप्प्यात लहान करा, शक्यतो लँक्झोस पद्धतीने. 'निअरेस्ट नेबर' निवडलं गेलं किंवा मधल्या टप्प्यांत धार वाढवली की रेघांच्या जाळीवर दुसरीच एक लाटांची जाळी उमटते.

---

निळीदौत

@पिक्सेलगिरण, जीडीच निघाला! धन्यवाद.

---

जुनीवही

जुन्या ब्लॉगांबद्दल लिहितो. वेळेत करायचं काम आहे.

'फोटो दुसरीकडे ठेवा, ब्लॉगवर आणा' ही पद्धत कशी कोसळली ते तारखांवरून कळतं. पिकासा वेब अल्बम २०१६ ला बंद झाले. फोटोबकेटने २०१७ च्या मध्यावर मोफत खात्यांतल्या फोटोंना बाहेरच्या साइटवर दिसायची बंदी घातली आणि असंख्य ब्लॉगांवर चित्रांच्या जागी सूचनेचा फलक आला. फ्लिकरने मोफत खात्याला २०१९ पासून १००० फोटोंची मर्यादा घातली. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला गेलं, आणि ज्या ब्लॉगर ब्लॉगांनी प्रतिसादांसाठी गूगल प्लस जोडलं होतं त्यांचे ते प्रतिसादही गेले. फ्लॅशमधले पोर्टफोलिओ २०२० च्या अखेरीस मेले. ती फाइल हाताशी असेल तर रफल नावाच्या एम्युलेटरवर बरीच कामं अजून चालतात, फेकू नका.

आता सगळ्यांत मोठा गैरसमज. ब्लॉगरचा किंवा वर्डप्रेसचा 'बॅकअप' उतरवला म्हणजे चित्रं उतरली असं नाही. त्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर आणि प्रतिसाद असतात, चित्रांचे फक्त पत्ते असतात. १०-१२ वर्षांच्या चित्रांच्या ब्लॉगचा बॅकअप काही एमबीतच भरला तर समजा की चित्रं त्यात नाहीत.

वर्डप्रेसहून वर्डप्रेसला जाताना इम्पोर्टरमध्ये जोडफायली उतरवून घेण्याची खूण असते, ती करा, आणि जुनी साइट तोवर चालू ठेवा. इम्पोर्टर चित्रं जुन्या पत्त्यावरूनच ओढतो. आधी होस्टिंग बंद केलं तर ओढायला काही उरत नाही.

ब्लॉगरवर चित्राचा पत्ता नीट पाहा. त्यात s320, s400, s1600 असं काहीतरी असतं, म्हणजे एस आणि पुढे पिक्सेलचा आकडा. तो आकडा काढून शून्य लिहिलं की साठवलेली सर्वांत मोठी प्रत उघडते. पोस्टीत ४०० पिक्सेलचं दिसणारं चित्र कित्येकदा आत पूर्ण मापात पडलेलं असतं. मूळ स्कॅन हरवलेल्यांनी आधी हे करून पाहावं.

पत्ता बदलायचा नाही, हे दुसरं. ब्लॉगरलाच स्वतःचं डोमेन जोडता येतं, मग जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्यावर जातो. पुढे कधी ब्लॉगर सोडून वर्डप्रेसला गेलात तर तेच डोमेन तिकडे वळवा आणि पर्मालिंकची (पोस्टीच्या कायमच्या पत्त्याची) रचना वर्ष, महिना, नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी ठेवा. ब्लॉगरची रचना हीच असल्याने बरेचसे जुने दुवे जसेच्या तसे चालतात. जे चालत नाहीत त्यांना ३०१ प्रकारचं कायमचं वळण द्या. ३०२ देऊ नका, ते तात्पुरतं समजलं जातं.

बंद झालेल्या ब्लॉगाची चित्रं हवी असतील तर वेबॅक मशीन या जुनी पानं जतन करणाऱ्या साइटवर जुना पत्ता टाकून पाहा. आणि चालू ब्लॉगाची महत्त्वाची पानं तिथे आपणहून जतन करून ठेवा, 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये पत्ता टाकायचा, बस.

---

कोपऱ्यातलीसही

चोरी आणि एआयबद्दल.

मोठी सही आडवी मारणं मला पटत नाही. ती पुसायला आज मिनिट लागत नाही आणि प्रामाणिक पाहणाऱ्याचं चित्र मात्र बिघडतं. कोपऱ्यात लहान सही आणि साइटचा पत्ता एवढं पुरे. तोही चित्राच्या आतल्या भागात, कडेपासून थोडा आत, म्हणजे चौकोनी कापलं तरी राहतो.

ब्लॉगवर ७००-८०० पिक्सेलच्या वर चित्र ठेवू नये असं माझं मत आहे. छापता येणार नाही इतकंच द्यावं.

माहिती फाइलच्या आत भरा. आयपीटीसी, म्हणजे फाइलच्या आत चित्राची माहिती नोंदवायची ठरलेली पद्धत, तिची चार घरं महत्त्वाची: निर्माता, कॉपीराइट सूचना, श्रेय, आणि हक्कांच्या पानाचा पत्ता, ज्याला वेब स्टेटमेंट ऑफ राइट्स म्हणतात. हे शेवटचं घर भरलेलं असेल तर गूगलच्या चित्रशोधात चित्रावर परवान्याची खूण येऊ शकते, ही सोय २०२० पासून आहे. मात्र निर्यात करताना 'मेटाडेटा काढून टाका' ही खूण चालू राहिली तर सगळी मेहनत जाते, आणि बहुतेक समाजमाध्यमं ही माहिती काढूनच टाकतात. उलट फोनवरून काढलेल्या फोटोत घराचं जीपीएस स्थान असू शकतं. ते मात्र नक्की काढा.

एआय गोळा करणाऱ्या बॉटांना रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमधून नकार देता येतो. ओपनएआयचा जीपीटीबॉट, कॉमन क्रॉलचा सीसीबॉट, आणि गूगल-एक्स्टेंडेड अशी तिन्ही नावं वेगवेगळी लिहावी लागतात. गूगल-एक्स्टेंडेडला नकार दिल्याने शोधातून नाव जात नाही, पण चुकून गूगलबॉटलाच नकार लिहिला तर जातं. ही फाइल म्हणजे दारावरची विनंती आहे, कुलूप नाही. जो पाळत नाही त्याला ती थांबवत नाही, आणि आधी नेलेलं परत येत नाही.

शिकागो विद्यापीठातून आलेली ग्लेझ (२०२३) आणि नाइटशेड (२०२४) ही साधनं चित्रात सूक्ष्म फेरफार करतात. ग्लेझ शैलीची नक्कल अवघड करण्यासाठी आहे, नाइटशेड परवानगीशिवाय प्रशिक्षणाला वापरलं तर मॉडेलला चुकीचं शिकवण्यासाठी. जाड पोताच्या चित्रात फेरफार लपतात, पण सपाट रंगात आणि गुळगुळीत छटांत सुरकुत्यांसारखे दिसतात. वापरायचं तर सगळ्यात शेवटी, लहान केल्यावर. आधी लावून मग लहान केलं आणि दाबलं तर परिणाम कमी होतो.

---

कागदकाठ

@कोपऱ्यातलीसही, बाकी सगळ्याशी सहमत, ८०० पिक्सेलशी नाही. ब्लॉगकडे उरलेलं एकमेव बलस्थान म्हणजे चित्र नीट पाहता येणं. कागदाचा पोत, कोरड्या कुंचल्याची खरड, दोन रंग ओले असताना एकमेकांत शिरले ती कड, हे ८०० पिक्सेलला दिसत नाही. मग माणसाने फोनमधलं ॲप सोडून पानावर यावं कशाला?

छपाईचा हिशेबही पाहा. २००० पिक्सेल ३०० पीपीआयला छापले तर सुमारे पावणेसात इंच भरतात, म्हणजे जेमतेम पोस्टकार्डाच्या वरचं. भिंतीवर लावण्याजोगी प्रत त्यातून निघत नाही.

मधला मार्ग: पूर्ण चित्र १६०० ते २०००, आणि त्याखाली मूळ स्कॅनमधून कापलेले दोन-तीन तुकडे, प्रत्येकी १२०० पिक्सेल, खऱ्या मापापेक्षा मोठे. तुकड्यांनी पोत दिसतो आणि पूर्ण मापाची फाइल कुणाच्या हाती जात नाही.

---

कोपऱ्यातलीसही

तुकड्यांची कल्पना पटली. तेवढ्यासाठी मत बदलतो. पण प्रिंट विकणाऱ्यांनी पूर्ण चित्र १६०० च्या वर नेऊ नये.

---

टपालपेटी

पोचण्याबद्दल. समाजमाध्यमावर पाटी कशी लावायची ते आधी.

इन्स्टाग्रामच्या मथळ्यात दुवा चालत नाही, म्हणून तिथे 'ब्लॉगवर वाचा' लिहून फारसं कुणी येत नाही. दुवा स्टोरीत आणि प्रोफाइलमध्ये. चित्र १०८० रुंद, उभं असेल तर १०८० बाय १३५०. आडवं लांब चित्र कापू नका, कॅरोसेलच्या (एका पोस्टीत सरकवून पाहायच्या अनेक चित्रांच्या) पहिल्या पानावर त्याचा एक जोरकस तुकडा आणि दुसऱ्यावर कागदाच्या रंगाच्या पट्ट्यांसह पूर्ण चित्र लावा. २०२५ च्या सुरुवातीला प्रोफाइलवरचे चौकोन उभे झाले आणि ज्यांनी नऊ-नऊ चौकोन जोडून मोठं चित्र मांडलं होतं त्यांची मांडणी मोडली. दुसऱ्याच्या भिंतीवर मांडणी रचू नये, ती याच कारणाने.

आरएसएस, म्हणजे फीड रीडरला पोस्टी पुरवणारी फीड, मेलेलं नाही. वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे फीड लिहिलं की ते असतंच. फक्त सेटिंगमध्ये 'सारांश' ऐवजी 'पूर्ण मजकूर' निवडा, सारांशात चित्र येत नाही. आणि लेझी लोडिंगच्या (वाचक खाली सरकेल तसं चित्र उतरवण्याच्या) काही प्लगइनांमुळे फीडमध्ये खऱ्या चित्राऐवजी राखाडी चौकोन जातो. वर्डप्रेसमध्ये ५.५ पासून ही सोय आतच आहे, वेगळं प्लगइन काढून टाका.

ज्यांचे ईमेल वाचक फीडबर्नर या गूगलच्या सेवेवर होते त्यांनी एक पाहावं. ती ईमेल सेवा २०२१ च्या जुलैत बंद केली गेली. ईमेल नोंदवायची पेटी अजून ब्लॉगवर असेल तर पत्ते कुठेच जात नाहीत. काढा.

ईमेलसाठी: मजकुराचा पट्टा ६०० पिक्सेलचा, चित्र १२०० रुंद देऊन ६०० ला दाखवायचं, म्हणजे दाट स्क्रीनवर स्पष्ट दिसतं. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठं पत्र कापतं, पण ते एचटीएमएलचं वजन आहे, चित्रांचं नाही. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात अदृश्य कचरा येतो आणि पत्र तिथेच फुगतं. आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. स्वतःच्या डोमेनवरून पाठवत असाल तर पत्र खरंच तुमचंच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) हव्यात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने याबाबत नियम कडक केलेत, नाहीतर पत्रं स्पॅममध्ये जातात.

'किती जणांनी उघडलं' या आकड्यावर विसंबू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासूनची गोपनीयतेची सोय चालू असेल तर वाचकाने न उघडताही चित्रं आधीच उतरवली जातात, त्यामुळे तो आकडा फुगतो. उत्तरं किती आली ते मोजा.

---

निळीदौत

फाइलची नावं आणि पोस्टीचे पत्ते मराठीत ठेवावेत का?

---

जुनीवही

@निळीदौत, शीर्षक मराठीत, पत्ता आणि फाइलचं नाव रोमनमध्ये.

कारण ब्लॉगर देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवू शकत नाही. तो 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा, असाच पत्ता सगळ्या मराठी पोस्टींना देतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये स्वतः लिहा, एकदा प्रकाशित झाल्यावर मसुद्यात परत नेल्याशिवाय बदलत नाही. वर्डप्रेस देवनागरी पत्ता बनवतं, पण आत प्रत्येक अक्षरचिन्हाला नऊ खुणा लागतात आणि जागा २०० ची. म्हणजे काना-मात्रा धरून २२ चिन्हांत पत्ता कापला जातो, कधी शब्दाच्या मधोमध. शिवाय तो कुठे चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. देवनागरी नावांच्या फायली झिप करून दुसऱ्या सर्व्हरवर उघडल्या तर नावं बिघडू शकतात आणि मग चित्रं तुटतात.

पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, मात्र मराठीतच लिहा. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो मोठ्याने वाचतं. 'जलरंगातलं चित्र' एवढं लिहिणं म्हणजे काही न लिहिणंच. 'पावसानंतरचा रस्ता, डावीकडे सायकल टेकलेली, आकाश खालच्या डबक्यात पिवळसर' असं लिहा. दोन वाक्यांत काय दिसतं ते सांगा, चित्राचा अर्थ नको.

---

रेषावेल

सगळ्यांचे आभार. एक भर घालते: पानावर लिहायचं काय.

माध्यम, माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी. कागदाचं वजन आणि पृष्ठभाग, उदाहरणार्थ ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस. रंगांची नावं कंपनीगणिक बदलतात, म्हणून रंगद्रव्याची संख्या द्या: अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, बर्न्ट सिएना बहुधा पीबीआर ७. 'सॅप ग्रीन' लिहून काहीच कळत नाही, ते प्रत्येकाचं वेगळं मिश्रण असतं. हीच माहिती शोधत लोक वर्षानुवर्षं पानावर येतात.

टप्प्यांचे फोटो द्यायचे तर कागदाचे चार कोपरे टेबलावर चिकटपट्टीने आखून ठेवा, म्हणजे वाळवायला उचलला तरी त्याच जागी परत ठेवता येतो. फोनवर फोकस आणि उजेड एकदा कुलूपबंद करा. नाहीतर गडद रंग चढत जातील तसा फोन प्रत्येक फोटो उजळ करत जातो आणि दुसऱ्या टप्प्यापेक्षा चौथा फिका दिसतो. ओला रंग वाळल्यावर उतरतो, तेव्हा फोटो ओला आहे की वाळलेला ते खाली लिहा.

---

शाईगडद

ब्लॉगवर ४०० च्या आसपास जुन्या पोस्टी असतील तर हे सगळं कुठून सुरू करायचं? सगळं दुरुस्त करणं अशक्य वाटतं.

---

जुनीवही

@शाईगडद, सगळं करू नका. आधी चित्रं उतरवा, बाकी सगळं थांबू शकतं. मग सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात (तुमच्या पानांवर शोधातून किती जण येतात ते दाखवतं) गेल्या १६ महिन्यांचे आकडे उघडा, त्यापेक्षा मागचं तिथे मिळत नाही. ज्या पानांवर लोक येतात ती वरून पहिली वीस घ्या. त्या वीसांचंच चित्र नव्याने स्कॅन करा, ऑल्ट टेक्स्ट आणि रंगद्रव्यं लिहा, पत्ता तोच ठेवा. तारीखही जुनीच राहू द्या, खाली 'अमुक महिन्यात चित्र बदललं' अशी एक ओळ लिहा. 'आज काही काढलं नाही' छापाच्या पोस्टी पुसू नका, मसुद्यात टाका. त्यांच्या खाली कधीकधी चांगले प्रतिसाद असतात.

---

शाईगडद

ब्लॉगरवर एसपुढे शून्य लिहून पाहिलं, ४०० च्या जागी ३००० पिक्सेलचं उघडलं. आज रात्रीपासून उतरवायला घेतो.